आधी पाठ, मग खरेदी : एका केंद्राच्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१८ जून २०२४

आमच्या केंद्रात, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या प्रशासकीय गटात, जिल्हा परिषदेच्या ११ शाळा. पश्चिम महाराष्ट्रातला डोंगरी भाग, सात शाळा द्विशिक्षकी. कामाची दिशा एका वाक्यात: मूल वर्गात नेमकं कुठे अडतं ते शिक्षकांनी एकत्र बसून शोधायचं आणि शाळेच्या अनुदानाचा पैसा आधी त्या अडचणीवर लावायचा. एरवी या दोन गोष्टींची गाठच पडत नाही. पाठावरचं बोलणं शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत होतं. खरेदी मार्चअखेरच्या घाईत होते, आणि पुरवठादाराकडे जे तयार असेल ते शाळेत येतं. मग कपाटात सीलबंद गणित पेटी आणि वर्गात बोटं मोजणारी मुलं, असं चित्र दिसतं.

पैशाचा हिशोब आधी मांडून ठेवला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: पट ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. आपल्या केंद्रात पहिल्या गटात ४ शाळा, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात २. म्हणजे ४०,००० + १,२५,००० + १,००,००० = २,६५,००० रुपये. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, ते २६,५००. उरलेल्यात वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्टेशनरी, छपाई, इंटरनेट आणि अध्ययन साहित्य. ग्रंथालय आणि क्रीडा साहित्याचं अनुदान वेगळं. प्राथमिक शाळेला दोन्ही प्रत्येकी ५,००० पर्यंत.

ही रक्कम एका खात्यात गोळा करता येत नाही. प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीचं खातं, ठराव आणि हिशोब स्वतंत्र. त्यामुळे एकत्र करायचं ते फक्त विचार, दर आणि वस्तूंचा वापर.

आणखी एक गोष्ट सगळ्या मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितली. मंजूर रक्कम आणि मिळणारी रक्कम एकच असेल असं धरू नका. केंद्र सरकारचा ६० आणि राज्याचा ४० टक्के वाटा, आधीच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले), लेखापरीक्षण, हे सगळं जुळलं की पुढचा हप्ता सुटतो. आपल्यापर्यंत तो बहुतेक वेळा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत येतो. म्हणून यादी आताच करायची आणि तिला क्रम लावायचा.

२ जुलै

शिक्षण परिषदेचं वेळापत्रक उलटं केलं. पहिले ९० मिनिटं पाठ आणि त्यावरची चर्चा. पत्रकं, यू-डायस प्लस (शाळेची ऑनलाइन माहिती), शालेय पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, शालार्थ (पगाराची प्रणाली) वगैरे सूचना एका पानावर छापून शेवटच्या २० मिनिटांत. सूचना आधी घेतल्या की पाठाला वेळ उरत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. पत्रकाला तारीख असते, पाठाला नसते, म्हणून पाठ मागे पडतो.

महिन्याची एक परिषद पुरणार नाही. म्हणून जोडशाळा केल्या: चार जोड्या आणि एक तिघांचा गट, जवळजवळच्या शाळांचा. जोडीतले शिक्षक पंधरवड्यातून एकदा दोन तास एकमेकांच्या वर्गात बसतील. द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक बाहेर पडला की दुसऱ्यावर चार-पाच इयत्ता येतात. तेवढ्या दोन तासांसाठी स्वयंअध्ययनाची कार्डं लागतील. इयत्ता २री ते ५वी, प्रत्येकी २० कार्डं: निम्मी गणिताची, निम्मी वाचून लिहिण्याची, प्रत्येक कार्डाच्या मागे उत्तर. आठवडाभरात प्रत्येक शाळेने ८ कार्डं करून द्यायची, म्हणजे ८८ होतात; ८० लागतात, ८ राखीव. ही कार्डं तयार नसतील तर जोडशाळेची भेट ठरवू नये. मागे शाळेत थांबलेल्या मुलांचे दोन तास वाया घालवून पुढची गुणवत्ता उभी राहत नाही.

भेटीचे नियम:
मागे खुर्ची टाकून बसायचं नाही, मुलांशेजारी सतरंजीवर बसायचं. प्रत्येक निरीक्षकाने तीनच मुलं पाहायची. मूल काय करतं, काय म्हणतं, काय खोडतं ते लिहायचं. शिक्षकाबद्दल शेरा नाही. पाठ चालू असताना मुलाला मदत नाही. फोटो नाहीत. पाठ संपल्यावर मुलाला एकच प्रश्न, "कसं केलंस?"

जपानमध्ये शिक्षक एकत्र पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांना पाहतात आणि मग पाठ दुरुस्त करतात. पाठ-अभ्यासाची ही पद्धत तिथे मेजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुजली आहे. आपल्याकडे २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटाचे (शाळांच्या गटाचे) वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तेव्हा अनेकांनी तिथून भिंती आणि फरशीवरची चित्रं उचलली. चित्रांमागे शिक्षकांनी मुलांवर जे बारकाईने काम केलं होतं, ते फोटोत येत नव्हतं. म्हणूनच आपल्या नियमांत फोटो बंद ठेवले.

१६ जुलै

राज्याची वर्षारंभीची पायाभूत चाचणी मागच्या आठवड्यात झाली. गुण कळले. पण ‘गणितात १० पैकी ४’ एवढ्यावरून उद्या वर्गात काय करायचं ते ठरत नाही. म्हणून इयत्ता ३री आणि ४थीसाठी सहा प्रश्नांची छोटी चाचणी बसवली. अट अशी की चुकीचं उत्तर पाहूनच चूक कोणती ते कळावं.

पहिला मसुदा फळ्यावर आला तेव्हा त्यात ५२ − २७ होतं. ते काढलं, आणि कारण सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. हातच्याच्या वजाबाकीत मुलं दोन मुख्य चुका करतात. एक: वर-खाली न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. दोन: दशक सोडवून एककात घेतात, पण दशकाच्या घरात एक कमी करायला विसरतात. ५२ − २७ मध्ये पहिल्या चुकीचं उत्तर ३५ येतं आणि दुसऱ्या चुकीचंही ३५ च. दोन वेगळ्या मुलांना वेगवेगळी मदत लागणार आणि कागदावर दोघं सारखी दिसणार. एककांतला फरक ५ असला की हे नेहमी होतं. म्हणून चाचणीच्या संख्या निवडताना तो फरक टाळायचा.

शेवटी ठरलेले प्रश्न:

१) ऐकून लिहा: छत्तीस. (६३ लिहिलं तर स्थानाचा गोंधळ.)
२) ६८ − २५. बरोबर ४३. हेच चुकलं तर हातच्याकडे वळायचंच नाही, आधी दशक-एकक.
३) ५३ − २७. बरोबर २६. ३४ आलं तर पहिली चूक, ३६ आलं तर दुसरी.
४) ४० − १७. बरोबर २३. ३७ पहिली चूक, ३३ दुसरी. ३० आलं तर मूल ‘शून्यातून काही जात नाही’ म्हणून शून्य ठेवून मोकळं झालंय.
५) ६१ − ५८. बरोबर ३. १७ किंवा १३ लिहिणाऱ्या मुलाला विचारायचं, ५८ च्या पुढे ६१ किती लांब? बरीच मुलं बोटांवर लगेच तीन सांगतात आणि तरी कागदावर १७ ठेवतात. म्हणजे आडातलं पोहऱ्यात येत नाही. अडचण संख्येच्या समजेत नाही, मांडणीत आहे.
६) एकीकडे ४२ मणी, दुसरीकडे १८. किती जास्त? बरोबर २४. ६० आलं तर ‘जास्त’ ऐकून बेरीज केली आहे.

तपासताना बरोबर-चूक अशी खूण करायची नाही. प्रत्येक प्रश्नापुढे मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवायचं. एका वर्गाचा तक्ता एका पानात बसतो. हेच पान पुढे वर्षभर वापरायचं.

३० जुलै

तक्ते एकत्र ठेवले. ३४ आणि ३६ दोन्ही भरपूर, पण शाळाशाळांत वाटणी वेगळी. ज्या वर्गांत वजाबाकी थेट फळ्यावरच्या मांडणीने शिकवली गेली तिथे ३६ जास्त: मुलांना कृती आठवते, मधली पायरी गळते. जिथे साहित्य वापरलं होतं तिथे ३४ ही दिसतं, आणि याचं कारण पाठ पाहिल्याशिवाय कळणार नाही.

पाठ एकत्र आखला. इयत्ता ३री, विषय ५३ − २७, साहित्य काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. दोन मुलांत एक संच. ९९ पर्यंतची कोणतीही वजाबाकी करायची तर ९ गठ्ठे आणि ९ सुट्या, म्हणजे ९९ काड्या. एक जादा धरून १००. वीस मुलांच्या वर्गाला १० संच, १,००० काड्या. खराट्याचे हीर फुकट मिळतात, पण टोकं टोचतात. बोटभर लांबीचे तुकडे करून टोकं घासावी लागतात. आईस्क्रीमच्या काड्या सरळ आणि सारख्या असतात, गठ्ठा नीट बसतो.

८ ऑगस्ट

पहिला पाठ. अकरा निरीक्षक, प्रत्येकाकडे दोन ते तीन मुलं.

जे दिसलं ते तपशिलात लिहून ठेवणं गरजेचं आहे, कारण पुढची सगळी खरेदी यावर उभी आहे.

मुलांनी पाच गठ्ठे आणि तीन काड्या मांडल्या. सात काड्या काढायच्या, तीनच सुट्या. एका मुलीने स्वतःहून गठ्ठ्याचं रबर काढलं आणि शेजारच्याला म्हणाली, "आता तीन न्हाईत, तेरा झाल्या." तिने सात बाजूला केल्या, दोन गठ्ठे उचलले, उरलेलं मोजलं: सव्वीस. चोख. मग बाईंनी सांगितल्यावर सगळ्यांनी काड्या आवरल्या, पाट्या काढल्या आणि तीच वजाबाकी लिहिली. त्याच मुलीने पाटीवर ३४ लिहिलं. बाकी निरीक्षकांच्या टिपणांतही असंच: काड्यांनी बरोबर, पाटीवर ३४.

चर्चेत आधी पाठ घेणाऱ्या बाई बोलल्या, मग एकेक निरीक्षक आपल्या मुलांबद्दल, केंद्रप्रमुख सगळ्यांत शेवटी. ‘पाठ छान झाला’ हे वाक्य चर्चेत घ्यायचं नाही, असं आधीच ठरलं होतं, त्यामुळे बोलणं मुलांवर राहिलं. निष्कर्ष सगळ्यांच्या टिपणांतून एकच निघाला: काड्यांची कृती आणि पाटीवरची मांडणी यांत पंधरा मिनिटांचं अंतर पडलं. मुलांच्या लेखी ती दोन वेगळी कामं होती.

दुसरं निरीक्षण साहित्याबद्दल. रबरं तुटतात, उडतात, मुलं ती बोटांत गुंडाळतात. गठ्ठे पुन्हा बांधायला वेळ गेला. सुट्या काड्या सतरंजीवरून शेजारच्या जोडीत मिसळल्या आणि दोन जोड्यांचे हिशोब बिघडले.

१३ ऑगस्ट

पाठ दुरुस्त करून जोडशाळेत घेतला, शिक्षक वेगळे.

बदल १: पाटी काड्यांच्या शेजारीच. गठ्ठा सोडला की त्याच क्षणी पाटीवर ५ खोडून वर ४, आणि ३ च्या जागी १३. हात जे करतो ते खडू लगेच लिहितो. जोडीत एक जण काड्या हलवतो, दुसरा लिहितो, पुढच्या उदाहरणाला अदलाबदल.
बदल २: काड्या ताटलीत. पोषण आहाराच्या स्टीलच्या ताटल्या वापरल्या, मिसळणं थांबलं.
बदल ३: रबराऐवजी लोकरीचा तुकडा, एक गाठ.
बदल ४: पाठ संपताना ४० − १७. इथे सुटी एकही काडी नाही, त्यामुळे गठ्ठा सोडल्याशिवाय मूल पुढे जाऊच शकत नाही. हे उदाहरण शेवटी न ठेवता सुरुवातीला घ्यावं, अशी सूचना आली आणि ती योग्य आहे. ५३ मध्ये तीन सुट्या असतात, त्यामुळे मुलाला ‘सातातून तीन’ करायची वाट मोकळी राहते. ४० मध्ये ती वाटच नाही.

काड्यांऐवजी थेट दशकपट्ट्या (दहा चौकोनांची एक पट्टी) का नकोत, हा प्रश्नही सुटला. पट्टी देऊन दहा सुटे घ्यायचे, यासाठी मुलाने ‘ही पट्टी म्हणजे दहा’ हे आधी मानलेलं असावं लागतं. गठ्ठा सोडताना ते मानावं लागत नाही, डोळ्यांसमोर दिसतं. म्हणून आधी गठ्ठे, आठ-दहा तासिकांनंतर पट्ट्या. बाजारातल्या बहुतेक संचांत थेट पट्ट्या किंवा प्लास्टिकचे ठोकळे असतात. ते वाईट नाहीत, पण वर्गात दुसऱ्या पायरीवर येतात.

२९ ऑगस्ट

खरेदीची यादी, पाठांतून निघालेली. प्रत्येक वस्तूपुढे ‘कोणत्या पाठासाठी’ हा रकाना आहे. तो रिकामा राहिला तर वस्तू यादीतून बाहेर.

*काड्या:* जोडीला १००, वर्गाच्या पटाच्या निम्मे संच.

*दशकपट्ट्या:* विकत न घेता कार्डशीटच्या करायच्या. एक सेंटिमीटरचे चौकोन लहान हातांना धरवत नाहीत, वाऱ्याने उडतात. दोन सेंटिमीटर घेतले. २२ × २८ इंची कार्डशीटमधून २० × २ सेंटिमीटरच्या, उरलेल्या कडेतून काही आडव्या कापून, ८४ पट्ट्या निघतात. जोडीला ९ पट्ट्या आणि सुट्यांसाठी २ कापून, एक राखीव, म्हणजे १२. एका शीटमध्ये ७ जोड्या. कापण्याआधी लॅमिनेट केलं तर कडा सुटून पावसाळी हवेत फुगतात, आणि प्रत्येक पट्टीला वेगळं लॅमिनेशन परवडत नाही. म्हणून लॅमिनेशन नाही. जाड कार्ड घ्यायचं आणि दोन वर्षांनी बदलायचं.

*फळापट्टी:* भिंतीच्या खालच्या भागात मुलांना लिहायला काळी पट्टी. जमिनीपासून एक फूट सोडून वर तीन फूट उंच. २० फुटी भिंतीला ६० चौरस फूट, दोन हातांना सुमारे एक लिटर फळ्याचा रंग. हे काम डिसेंबरच्या आत करायचं नाही. डोंगरी भागात भिंती सप्टेंबरपर्यंत ओल धरतात; ओल्या गिलाव्यावर दिलेला रंग होळीपर्यंत पापुद्रे धरून सुटतो. बोलक्या भिंतींवर याआधी खर्च झाला आहे आणि त्यातली बरीच चित्रं सहा फुटांच्या वर आहेत. मुलाच्या हाताला आणि डोळ्याला पोचत नाही त्या भिंतीवर यापुढे खर्च नाही.

*केंद्रसंच:* तराजू-वजनं, लिटर-मापं, भूमितीचं मोठं साहित्य वर्षातून तीन-चार आठवडेच लागतं. अकरा शाळांनी अकरा संच घेण्याची गरज नाही. एक शाळा वजनं घेईल, दुसरी मापं, तिसरी भूमिती. वस्तू ज्या शाळेने घेतली तिच्या जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतच राहील. देवाणघेवाण वेगळ्या उसनवारी वहीत, तारीख आणि सहीसह. जडसंग्रहातली नोंद दुसऱ्या शाळेत हलवली की लेखापरीक्षणात अडचण येते.

१९ सप्टेंबर

वाचन. ३री ते ५वीच्या मुलांचे स्तर पाहून (प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून गट. द्विशिक्षकी शाळेत दोनच गट होतात: शब्दापर्यंतचे आणि त्यापुढचे. शब्दापर्यंतच्या गटाची पटसंख्या कमी ठेवायची, अनुभवी शिक्षक तिकडे. परिच्छेदावर अडलेली मुलं बहुतेक जोडाक्षरं आणि रफार यांवर थांबतात.

ग्रंथालय अनुदानातून जाड पुस्तकं घ्यायची नाहीत. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची पानाला दोन-तीन ओळींची पातळ पुस्तकं घ्यायची, म्हणजे तेवढ्याच पैशांत जास्त प्रती. पत्र्याच्या पेट्या, एका पेटीत ३० पुस्तकं, दर परिषदेला पेट्या पुढच्या शाळेत.

४ ऑक्टोबर

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत शाळांच्या मागण्या लेखी दिल्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत ६० टक्के बंधित (पाणी आणि स्वच्छता) आणि ४० टक्के अबंधित. शाळेचं हात धुण्याचं केंद्र, पाण्याची टाकी, शौचालय दुरुस्ती बंधित भागात बसते. ती तिकडून झाली तर संयुक्त अनुदानातली तेवढी रक्कम वर्गाकडे वळते. ‘शाळेला मदत करावी’ असा अर्ज ग्रामपंचायतीच्या आराखड्यात जात नाही. मोजमाप, अंदाजपत्रक आणि जागेचा नकाशा जोडलेला अर्ज जातो. नळाची उंची लहान मुलांसाठी दीड ते दोन फूट, हे अंदाजपत्रकातच लिहायचं. नाहीतर प्लंबर घरच्या मापाने बसवून जातो.

वीजबिलं तपासली. शासकीय शाळेला सार्वजनिक सेवा वर्गवारीचा दर लागतो. बिलावर ‘वाणिज्यिक’ छापलं असेल तर वर्गवारी बदलण्याचा अर्ज, सोबत मुख्याध्यापकांचा दाखला आणि यू-डायस क्रमांक.

२७ नोव्हेंबर

१५ ऑक्टोबरला आचारसंहिता, २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, मध्ये दिवाळीची सुट्टी. बीएलओचं (मतदार यादीचं) काम आणि निवडणूक प्रशिक्षणामुळे जोडशाळा भेटी जवळपास थांबल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणुकीचं काम अपवादात आहे, त्यामुळे ते येणारच. पुढे निवडणुकीच्या वर्षाचं वेळापत्रक करताना पाठ-अभ्यासाच्या सगळ्या फेऱ्या सप्टेंबरपर्यंत संपवाव्यात.

१० डिसेंबर

४ तारखेचं परख, म्हणजे मुलांच्या शिकण्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण आटोपलं. आता पैशाची पूर्वतयारी. निधी अजून आलेला नाही, आणि तयारी करायची ती याच काळात.

ठराव: प्रत्येक समितीने यादी क्रमासह मंजूर केली. अ (याशिवाय पाठ अडतो), ब (उपयोगी), क (पैसे उरले तर). समितीत ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यांच्यासमोर पाठाचा तक्ता आणि काड्यांचा संच ठेवून यादी समजावली. एका सभेत मातांनीच लोकर आणि ताटल्या घरून द्यायची तयारी दाखवली, यादीतून दोन बाबी कमी झाल्या.

दरपत्रकं: दर केंद्राने एकत्र काढले, पण तीन-तीन दरपत्रकं प्रत्येक शाळेच्या नावावर वेगळी घेतली. अकरा शाळांची बिलं एकाच दुकानाची आणि ओळीने क्रमांकाची असली, तर लेखापरीक्षक प्रश्न विचारणारच. दर एक असायला हरकत नाही, कागद मात्र ज्या त्या शाळेचा हवा.

पुरवठादार नोंदणी: पीएफएमएस (सरकारी पैसे देण्याची ऑनलाइन प्रणाली) वर विक्रेत्याची नोंद आताच करायची. पासबुकची झेरॉक्स, पॅन, मोबाइल. नाव पाटीवरचं न घेता बँकेच्या खात्यावरचं. आयएफएससी कोड चालू आहे ना, ते पाहायचं. २०१९ आणि २०२० मध्ये विलीन झालेल्या बँकांचे जुने कोड अजून काही बिलबुकांवर छापलेले आहेत.

सह्या: समितीची मुदत दोन वर्षं. अध्यक्ष बदलले असतील तर बँकेत सही-बदलाचा ठराव आणि केवायसी आताच. फेब्रुवारीत हे काम काढलं तर तीन-चार आठवडे त्यातच जातात.

१६ जानेवारी २०२५

पाठाची तिसरी फेरी, यावेळी बहुवर्गात. एकाच शिक्षकाकडे २री, ३री, ४थी. तिघांना एकच परिस्थिती दिली: दुकानात ४० वह्या, १७ विकल्या. २रीने काड्यांनी करायचं, ३रीने पाटीवर मांडायचं, ४थीने अशाच दोन शाब्दिक गोष्टी रचायच्या. शिक्षकाची पहिली दहा मिनिटं ३रीजवळ. २रीच्या मुलांनी गठ्ठे सोडून ते पुन्हा बांधले नाहीत, आणि पुढच्या उदाहरणाला त्यांच्याकडे गठ्ठेच उरले नाहीत. ‘बांधून ठेवणं’ ही पाठाची पायरी म्हणून लिहिली.

भिंती आता कोरड्या आहेत. हाताचा तळवा लावून किंवा रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून पाहायचं; सकाळी आतून दव दिसलं तर थांबायचं.

२० फेब्रुवारी

खात्यावर मर्यादा (खर्च करता येईल तेवढी रक्कम) आली, मंजूर रकमेच्या निम्मी. ठरावात अ-ब-क क्रम होता, त्यामुळे पुन्हा सभा लागली नाही. अ मधून खाली यायचं. पट ६४ असलेल्या शाळेची १२,५०० रुपयांची विभागणी:

स्वच्छता १,२५०
वीजबिल २,४००
स्टेशनरी व छपाई १,६५०
काड्या, कार्डशीट, पेट्या २,२००
फळापट्टी, रंग व मजुरी २,६००
वाचनकोपरा, फळ्या व दोरी १,४००
खिडक्यांच्या कड्या १,०००

छपाईत उत्तर-तक्त्यांचे कोरे कागद आणि स्वयंअध्ययन कार्डांची दुसरी प्रत धरली आहे. या बाबीला कात्री लावायचा मोह होतो, पण कार्ड नसेल तर भेट नाही आणि भेट नसेल तर पुढच्या वर्षीची यादी नाही.

११ मार्च

तीन शाळांची देयकं परत आली. एकात विक्रेत्याचं नाव दुकानाचं होतं, खातं मालकाच्या नावावर. दुसऱ्यात जुना आयएफएससी. तिसऱ्यात बिलाची तारीख ठरावाच्या आधीची. पहिल्या दोन त्याच दिवशी दुरुस्त होतात, तिसऱ्यात विक्रेत्याकडून बिल बदलून आणावं लागतं. देयक तयार करणारा आणि तपासणारा असे दोन लॉगिन असतात. द्विशिक्षकी शाळेत दोन्ही एकाच मोबाइलवर चालवू नयेत. ओटीपीच्या घाईत तपासणी राहून जाते.

५ मार्चपासून निपुण महाराष्ट्रचा, म्हणजे पायाभूत वाचन आणि गणितासाठीचा राज्याचा कृती कार्यक्रम २री ते ५वीसाठी सुरू झाला आहे. आपले गट आणि स्तर त्यातच बसवले. मुलांची दुसरी यादी, दुसरं वेळापत्रक नको.

२८ मार्च

उद्या शनिवार. ३० ला रविवार आणि गुढीपाडवा, ३१ ला रमजान ईद. त्यामुळे आजचा दिवस शेवटचा धरूनच काम केलं होतं. न वापरलेली मर्यादा वर्षअखेर निघून जाते. सगळ्या शाळांची देयकं मार्गी लागली.

हिशोबाचं बाड प्रत्येक शाळेत एकाच क्रमाने: ठराव, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, बिल, साठा किंवा जडसंग्रह नोंदवहीचा पान क्रमांक, देयकाची प्रत, रोकड वहीतली नोंद. बिलाच्या मागे नोंदवहीचा पान क्रमांक लिहिला की तपासणीला दहा मिनिटं लागतात, नाहीतर अख्खा दिवस जातो. उपयोगिता प्रमाणपत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं, कारण पुढचा हप्ता त्यावर अडतो.

२२ एप्रिल

सहा प्रश्नांची तीच चाचणी, संख्या बदलून: ६४ − ३८, ५० − २६, ७२ − ६९, आणि ‘किती जास्त’साठी ५१ व २४. एककांतला फरक कुठेही ५ नाही. ३४ प्रकारची चूक बऱ्याच वर्गांत मागे हटली. ३६ प्रकारची चूक मात्र काही ठिकाणी टिकून आहे. त्या वर्गांचे तक्ते आणि टिपणं शेजारी ठेवली तर एक गोष्ट दिसते: तिथे खोडून वर लिहिण्याऐवजी मुलांना ‘मनात एक कमी करा’ असं सांगितलं जातं. हे पुढच्या पाठ-अभ्यासाचं पहिलं काम. ५१ आणि २४ ला बेरीज करून ७५ लिहिणारी मुलं अजून आहेत. तुलनेच्या शाब्दिक उदाहरणांचा वेगळा पाठ लागेल. त्यासाठी खरेदी काहीच नाही, मण्यांच्या दोन माळा शेजारी धरल्या की पुरे.

बदल्या झाल्या तर पाठाच्या वह्या शाळेतच राहतील, शिक्षकांबरोबर जाणार नाहीत. नव्याने येणाऱ्या शिक्षकांना जूनमध्ये जोडशाळेच्या शिक्षकाने आधी पाठ दाखवायचा, मग वही द्यायची.

सुट्टीतली साठवण: काड्या उन्हात एक दिवस वाळवून डब्यात, कार्डशीटच्या पट्ट्या पत्र्याच्या पेटीत, पुस्तकांच्या पेट्या भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर. तीन शाळांच्या भिंतींना वाळवी आहे, त्यांच्या पेट्या केंद्रशाळेत. उसनवारी वहीत सगळ्या वस्तू परत आल्याची सही घेतली. लिटर-मापांचा एक संच बाकी आहे, तो सोमवारी यायचा आहे.